शेवटचा हात कोनाचा?

पुंजाजी मिस्त्री कोणावरही विश्वास ठेवीत नसत, आणि ही गोष्ट ते कधी लपवीत नसत. देऊळगाव राजाच्या मोटार स्टँडसमोर, जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. मी तेव्हा एका दैनिकासाठी वार्ताहराचं काम करत असे. मजकुराचा लिफाफा जालन्याच्या गाडीत कंडक्टरच्या हवाली करायचा, म्हणून मला रोज स्टँडवर यावं लागे. गाडी बहुधा उशिरा येई आणि तोवर बसायला पुंजाजींच्या दारातला लाकडी खोका होता. त्या खोक्यावर मी पहिल्यांदा बसलो तेव्हा त्यांनी मला उठवून खोक्यात डोकावून पाहिलं होतं. त्यानंतर मी रोज बसू लागलो, पण मी उठून गेल्यावर ते पुन्हा एकदा आत पाहत, हे मी रस्त्यापलीकडून अनेकदा पाहिलं.

माणूस उंच आणि हाडापेराने रुंद होता. डोक्याला तेलकट टोपी, अंगात खाकी शर्ट, खाली धोतर. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. गाडी, पाणी उपसायचं इंजिन किंवा गिरणीचा पट्टा, काहीही घेऊन माणूस आला की पुंजाजींचा पहिला प्रश्न ठरलेला असे. काय बिघडलं, कधीपासून बिघडलं, हे ते नंतर विचारत. आधी विचारत, "शेवटचा हात कोनाचा?"

याचं उत्तर मिळाल्याशिवाय पान्याला हात लागत नसे. सिंदखेडकडचा एक शेतकरी इंजिन बैलगाडीत घालून घेऊन आला होता. चालता चालता आपोआप बंद पडलं, कोणी हात लावला नाही, असं तो म्हणाला. पुंजाजींनी हत्यारांची पेटी बंद केली, तिच्यावर बसले आणि बिडी ओढू लागले. शेतकरी घाबरला, मग चिडला, मग बैलांना पाणी पाजून आला. परत आल्यावर त्याने खाली बघत सांगितलं की पाहुणे आले होते, त्यांनी जरा उघडून पाहिलं होतं. पुंजाजींनी बिडी विझवली आणि पेटी उघडली. "लोखंड आपोआप काहीच करत नाही," ते मला म्हणाले. "हे सारे लोक त्याच्यावर आळ घेऊन राह्यले."

त्यांनी हाताखाली कधी माणूस ठेवला नाही. चहा ते समोरच्या हॉटेलात जाऊन, डोळ्यांदेखत ओतलेलाच पीत. गाडीची वेळ तीन वेगवेगळ्या माणसांना विचारत आणि तिघांचं उत्तर एकच आलं तर त्यांना जास्त शंका येई. नट आवळून झाला की ते पाठ फिरवून दोन पावलं जात आणि परत येऊन तो पुन्हा आवळून पाहत. त्यांच्या बायकोने एकदा दुकानात डबा आणून दिला, तेव्हा त्यांनी झाकण उघडून आत वाकून पाहिलं. ती मला म्हणाली, "पाहा, पेपरवाले. आता आधी मले घास खायले लावतील, येवढंच राह्यलं."

यावर पुंजाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "काल मीठ नव्हतं."

संशयाच्या बाबतीत ते इतरांवर अन्याय करत, हे खरं आहे. शेजारच्या पंक्चरवाल्यावर त्यांनी एकदा पाना चोरल्याचा आळ घेतला. भर बाजाराच्या दिवशी त्याला नको ते बोलले. संध्याकाळी धोतर झटकताना पाना त्यांच्याच कमरेला खोचलेला सापडला. त्यांनी माफी मागितली नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद करताना ते रस्त्यात उभे राहून स्वतःचे खिसे उलटे करून दाखवू लागले. कमर चाचपून दाखवत. पंक्चरवाला बघो न बघो, हा कार्यक्रम रोज होई. पंक्चरवाल्याने पुष्कळ दिवसांनी एकदा वैतागून सांगितलं, "बस झालं, मिस्त्री. माह्या मनात काही नाही." पुंजाजी म्हणाले, "तुह्या नाही. माह्या हाये." आणि खिसे उलटे करत राहिले.

त्यांच्याविषयी गावात जी गोष्ट अजूनही सांगितली जाते ती दुसरबीडच्या भाऊसाहेबांच्या मोटारीची. सांगणारे तिच्यात पुष्कळ भर घालतात. मी तिथे होतो, म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहितो.

राज्य नवं होतं आणि निवडणुकांचे वारे वाहू लागले होते. भाऊसाहेब मोठे जमीनदार. त्यांना उभं राहायचं होतं. त्यांच्याकडे एक काळी, जुनी, हातबदल होऊन आलेली मोटार होती आणि ती तेजराव नावाचा ड्रायव्हर चालवत असे. तेजराव तिशीचा, कमी बोलणारा. त्याच्या बहिणीचा नवरा मात्र भाऊसाहेबांच्या विरोधात उभा राहू पाहणाऱ्या माणसाच्या बैठकीत उठबस करायचा. त्या दिवसांत एवढी गोष्ट माणसाला शत्रू ठरवायला पुरेशी होती.

दिवाळी तोंडावर आली होती. भाऊसाहेब दुसरबीडहून देऊळगावला येत असताना उताराला गुरं आडवी आली. तेजरावने ब्रेक दाबला आणि पाय थेट फळीला जाऊन टेकला. त्याने मोटार रस्त्याखाली ज्वारीत घातली, हँडब्रेक ओढला आणि ती बांधाला थटून थांबली. गुरं वाचली. भाऊसाहेबांच्या कपाळाला खोक पडली. तास-दीड तासात बैलजोडी लावून मोटार पुंजाजींच्या दारात आणली गेली. तिच्यामागून भाऊसाहेब, त्यांची चार माणसं आणि सर्वांत मागे, दोघांच्या मधोमध, तेजराव आला.

भाऊसाहेबांचं म्हणणं स्पष्ट होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी तेजरावला त्याच्या मेहुण्यावरून चार शब्द सुनावले होते. त्यानंतर तो वाड्याच्या अंगणात मोटारीपाशी घुटमळताना दिसला होता. त्यानेच ब्रेक बिघडवला. मिस्त्रीने मोटार पाहावी, बिघाड मुद्दाम केलेला आहे असं चारचौघांत सांगावं, मग ते तेजरावला ठाण्यात देणार होते. मला पाहिल्यावर ते म्हणाले की पेपरवालाही आहे, बरंच झालं.

तेजराव दोघांच्या मधोमध तसाच उभा होता. त्याला लहान मुलं होती. ठाण्यात नाव गेलं तर पुन्हा कुठलाही मालक त्याच्या हाती किल्ली देणार नाही, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

पुंजाजींनी विचारलं, "शेवटचा हात कोनाचा?"

"त्याचाच," भाऊसाहेब म्हणाले. "मोटारीले दुसऱ्या कोनाचा हात लागतच नाही."

पुंजाजींनी तेजरावचे हात उलटेपालटे करून पाहिले. नखं स्वच्छ होती. "ड्रायव्हरची नखं येवढी साफ काऊन बे?" त्यांनी विचारलं. तेजराव म्हणाला की मालकांसोबत बाहेरगावी जायचं होतं म्हणून धुतली. पुंजाजींचं समाधान झालेलं दिसलं नाही. त्यांनी त्याला रस्त्यापलीकडे लिंबाखाली बसवलं आणि मोटारीच्या पन्नास पावलांत यायचं नाही असं बजावलं.

मग ते स्वतः आत बसले. पायाने ब्रेक दाबला. तो ढिला, खोल गेला. भराभर पाच-सहा वेळा दाबल्यावर जरा वर आला. तेव्हा त्यांनी पाय दाबून तसाच धरला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. त्यांचा गुडघा हळूहळू, जणू चिखलात रुतावा तसा, खाली जात होता.

"हवा नाही," ते म्हणाले. "हवा असती तं पाय वर फेकला असता. हे रुतून राह्यलं."

भाऊसाहेबांच्या माणसांपैकी एकाने सांगितलं की पाइप कापला असेल. पुंजाजी मोटारीखाली गेले. पाइपांवरून बोटं फिरवली, चारी चाकांच्या आतल्या बाजू पाहिल्या. सगळं कोरडं होतं. दुसरा म्हणाला, नट ढिले केले असतील. त्यांनी प्रत्येक नटाला पाना लावून पाहिला. एकही हलला नाही. मग त्यांनी पायाखालची चटई उचलली. त्या मोटारीत ब्रेकच्या तेलाची डबी तिथे, फळीच्या खाली असे. झाकण घट्ट होतं आणि डबी काठोकाठ भरलेली होती.

ते डबीकडे बराच वेळ बघत राहिले. तेल बाहेर गेलं नव्हतं आणि तरी पाय रुतत होता. म्हणजे तेल आतल्या आत, मास्टर सिलिंडरमध्ये, पायाने दाबलं की तेल चाकांकडे ढकलणाऱ्या नळकांड्यात, रबरी वॉशरच्या कडेने मागे पलटत होतं. हे त्यांनी आम्हाला सांगितलं, पण स्वतःच्या सांगण्यावरही त्यांचा विश्वास बसला नाही. हवा नाही याची खात्री करायची म्हणून त्यांनी चाकामागच्या, ब्रेकमधली हवा काढायच्या निपलला रबरी नळी लावली आणि नळीचं दुसरं टोक काचेच्या बाटलीत सोडलं. आता पायाने ब्रेक दाबायला कोणीतरी हवं होतं. तेजरावला ते बोलावणार नव्हते. भाऊसाहेबांच्या चार माणसांकडे त्यांनी एकेक करून पाहिलं आणि कोणीच पसंत पडलं नाही.

"भाऊसाहेब, तुमी बसा."

भाऊसाहेबांना वाटलं आपण ऐकण्यात चूक केली. पण कपाळाला पट्टी, अंगात कोट अशा अवस्थेत ते बसले. पुंजाजी चाकाखालून हुकूम देत होते: "दाबा. धरा. मी म्हनेपर्यंत सोडू नका. सोडला काऊन?" भर रस्त्यात भाऊसाहेबांना कोणी असं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. बघे तोंड फिरवून उभे होते.

बाटलीत एकही बुडबुडा आला नाही. पण जे तेल आलं ते गढूळ होतं. पुंजाजींनी बाटली खोक्यावर ठेवली आणि मला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगून स्वतःही लक्ष ठेवलं. थोड्या वेळाने तेलाच्या वर एक पिवळसर थर वेगळा झाला. त्यांनी त्यात बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं. मग ते बोट माझ्या नाकाशी आणलं.

"हे तं फोडनीचं तेल हाये," ते म्हणाले. "करडीचं."

मास्टर सिलिंडर सोडवून त्यातले वॉशर काढले तेव्हा ते भिजवलेल्या वालासारखे फुगलेले होते. कड मऊ होऊन एका जागी चिरली होती. पुंजाजींनी नखाने दाबलं तर रबरात खळगा पडला.

भाऊसाहेब उठून उभे राहिले. त्यांच्या मते आता बोलायचं काही उरलंच नव्हतं. आपल्याच घरचं तेल तेजरावने चोरलं आणि काल संध्याकाळी ब्रेकच्या डबीत ओतलं. पुंजाजींनी मान डोलावली. त्यांचाही संशय तेजराववरच होता, हे मी स्पष्ट लिहितो, कारण पुढे लोक सांगताना हे वगळतात. ते रस्ता ओलांडून लिंबाखाली गेले. मी मागे गेलो.

"तेल तू टाकलं?"

"नाही."

"मंग कोनं टाकलं?"

तेजराव जमिनीकडे बघू लागला.

"तुले मालूम हाये," पुंजाजी म्हणाले. "मानसाले मालूम नसलं तं तो मिस्त्रीच्या तोंडाकडे पाहते. तू जमिनीकडे पाहून राह्यला."

 पुंजाजी परत आले आणि भाऊसाहेबांना म्हणाले की हा काहीतरी लपवतो आहे, पण आज ते चारचौघांत काही सांगणार नाहीत. रबर एका रात्रीत एवढं फुगतं की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत नसताना ते बोलणार नव्हते. भाऊसाहेब संतापले. त्यांनी विचारलं, मिस्त्रीलाही समोरच्या पार्टीने काही सांगितलं आहे काय? पुंजाजी म्हणाले, "असा संशय ठेवलाच पाहिजे." आणि हॉटेलातून दोन कप मागवले.

एका कपात ब्रेकचं तेल घातलं, दुसऱ्यात करडईचं. करडईचं तेल त्यांनी बाजारातून आणलं नाही. भाऊसाहेबांच्या माणसाला दुसरबीडला पाठवून त्यांच्याच घरातून मागवलं. दोन्ही कपांत एकेक नवा वॉशर बुडवला. कप हत्यारांच्या पेटीत ठेवले, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधावी तशी गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. मोटार दारातच राहिली. तेजरावला ठाण्यात द्यायचं तेवढ्यापुरतं थांबलं. तो रोज सकाळी येऊन लिंबाखाली बसे, कोणी सांगितलं नसताना. पुंजाजी त्याला डबा उघडून भाकरी देत आणि तो हात धुवायला उठला की पेटीकडे बघत.

दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं तेव्हा दोन्ही वॉशर सारखेच दिसत होते. तिसऱ्या दिवशी करडईतला किंचित जाड वाटला, पण पुंजाजींच्या मते तो माझ्या नजरेचा दोष होता. दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर भाऊसाहेब पुन्हा आले, तीच माणसं घेऊन. पुंजाजींनी सगळ्यांसमोर कुलूप उघडलं. ब्रेकच्या तेलातला वॉशर सिलिंडरमध्ये सहज सरकला. करडईतला तोंडाशीच अडला. फुगला होता, पण काढलेल्या वॉशरांएवढा अजूनही नव्हता. पुंजाजींनी दोन्ही शेजारी ठेवले.

"काल टाकून आज हे होत नाही," ते म्हणाले. "हे जुनं हाये. मोटार शेतात गेली त्याच्याही लय आधीचं. भाऊसाहेब, या डबीचं झाकन त्याच्या आधी कधी उघडलं होतं?"

भाऊसाहेबांनी आठवायचा प्रयत्न केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण लपवण्यासारखं काही नव्हतं. दसऱ्याला त्यांच्या घरी जुना रिवाज होता. स्वतःच्या शेतातली करडई, गावातल्या घाण्याचं तेल, आणि पूजेच्या वेळी घरच्या कर्त्या पुरुषाने आपल्या हाताने प्रत्येक चाकाला ते पाजायचं. बैलगाडीचा आख, विहिरीवरचा रहाट, शिवणाचं मशीन, आणि यंदापासून मोटार.

"दसऱ्याले," भाऊसाहेब म्हणाले. "मीच उघडलं. पायाखाली तेलाची जागा हाये ते मले माहीत होतं. पहिली वाटी मीच पाजली."

ते वाक्य त्यांनी जवळजवळ अभिमानाने उच्चारलं. मग त्यांची नजर दोन कपांवर गेली.  समोरच्या हॉटेलात कपबशा विसळल्याचा आवाज येत होता.

पुंजाजी भाऊसाहेबांकडे वळले नाहीत. त्यांनी तेजरावला हाक मारली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो मोटारीजवळ आला.

"तू होता तिथं?"

"हाव."

"काऊन नाही बोलला?"

"पूजा चालू होती," तेजराव म्हणाला. "सारं घर उभं होतं. मालकाच्या हातातली वाटी कशी धरू? मागून फडक्यानं जेवढं निघालं तेवढं काढलं. वरून ब्रेकचं तेल टाकलं. गाडी चालत होती."

"अन् चाकं? ब्रेक चिकटून चाकं गरम होत होती नं?"

"हाव. मी पानी मारत होतो."

"मंग तुह्याही हात हाये याच्यात," पुंजाजी म्हणाले. "वाटी त्यायची, पानी तुह्यं."

भाऊसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. ठाण्याचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही. तेजरावची माफीही मागितली नाही. जाताना मला म्हणाले की यातलं काही छापू नका. मी तोवर छापून चुकलो होतो: दुसरबीडजवळ मोटार शेतात गेली, प्राणहानी नाही. त्यात एक शब्द वाढवण्याचं कारण उरलं नव्हतं.

पुंजाजींनी सगळे रबर बदलले, पाइप स्पिरिटने धुतले आणि ब्रेकमधली हवा काढली. या वेळी पाय दाबायला त्यांनी तेजरावला बसवलं. पाय घट्ट, वरच्या वर थांबला. त्यांनी तो तसाच धरून ठेवायला लावला, स्वतः बिडी ओढली, बिडी संपवली आणि मग म्हणाले, "सोड." तेजराव मोटार घेऊन गेला. मालक मागच्या सीटवर बसले होते.

त्यानंतर एक प्रश्न माझ्या मनात राहिला. बोटाला करडईचा वास आला त्याच घटकेला पुंजाजींना दसरा आठवला असला पाहिजे. गावातल्या प्रत्येक बैलगाडीचा आख त्या दिवशी तेल पितो, हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? मग कप, कुलूप आणि दिवाळीपर्यंतचं थांबणं कशासाठी? भाऊसाहेबांच्या तोंडून ते वाक्य चारचौघांत निघावं म्हणून? तेल त्यांच्याच घरून का मागवलं? मी एकदा खोक्यावर बसून त्यांना हे विचारलं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"तुमाले संशय येऊन राह्यला," ते म्हणाले. "चांगलं हाये. ठेवा."



तेजरावने भाऊसाहेबांची नोकरी फार दिवस केली नाही. निवडणुकीआधीच तो एस.टी.त लागला. पुंजाजींनी पुढे डोळ्यांचं निमित्त करून दुकान पंक्चरवाल्याला दिलं. ते स्वतः कुठे फारसे जात नसत. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसणं त्यांना मानवत नसे. लोणारला मुलीकडे जायचं तरी ते बैलगाडीने जात आणि बैल कोणाचे आहेत ते आधी विचारत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच स्टँडवर. लोणारची गाडी लागली होती. मुलीच्या घरी काही अडचण होती आणि बैलगाडीने जाण्याइतका वेळ नव्हता. हातात पिशवी घेऊन ते गाडीच्या पुढच्या बाजूला गेले. ड्रायव्हरच्या जागी तेजराव होता. त्याने खिडकीतून वाकून त्यांना हात जोडले. पुंजाजींनी ते बाजूला सारलं.

"शेवटचा हात कोनाचा?"

"माह्याच, मिस्त्री."

"दाब. धर."

तेजरावने पाय दाबून धरला. मागे प्रवासी ओरडत होते, कंडक्टर घंटी ओढत होता. पुंजाजी खिडकीच्या काठाला हात लावून तेजरावच्या गुडघ्याकडे बघत उभे होते. गुडघा हलला नाही. मग ते चढले आणि ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसले.

गाडी स्टँडच्या बाहेर वळायच्या आत झोप लागून त्यांची मान छातीवर आली होती. मी खिडकीजवळून दोन पावलं चालत गेलो. तोंड किंचित उघडं होतं, पिशवी मांडीवर होती, डोळे पूर्ण मिटलेले होते. उजवा पाय मात्र समोरच्या पत्र्यावर टेकवून त्यांनी घट्ट दाबून धरला होता.